महारोहिणीचें मूळ आणि माणसाची उंची



शाळेंत दरवर्षीं जून महिन्यांत आम्ही मुलांची उंची आणि वजन घेत असूं. भिंतीवर आंखलेली पट्टी, एक वजनकांटा आणि एक लांबट नोंदवही, एवढेंच त्या समारंभाचें साहित्य. छत्तीस वर्षें मीं हें काम केलें. त्या वहींत '१३२ सेंटिमीटर' एवढाच आंकडा असता आणि शेजारीं वय लिहिलेलें नसतें, तर त्या आंकड्याला कांहींच अर्थ राहिला नसता. सात वर्षांच्या मुलाच्या नांवापुढें तो आंकडा कौतुकाचा आहे. बारा वर्षांच्या मुलाच्या नांवापुढें तोच काळजीचा आहे. हें कोणत्याही मास्तराला कळतें. पण हीच साधी गोष्ट हृदयाच्या बाबतींत कळावयास वैद्यकशास्त्राला पुष्कळ काळ लागला, आणि त्या विलंबाची किंमत कांहीं माणसांनीं प्राण देऊन चुकविली. आजच्या भाषणांत तोच इतिहास सांगावयाचा आहे.

या विषयाकडे मी वळलों तो स्वार्थानें. गेल्या वर्षीं हर्नियाच्या शस्त्रक्रियेपूर्वीं माझ्या हृदयाची प्रतिध्वनि-तपासणी झाली. सर्वजण तिला 'इको' म्हणतात. आलेल्या कागदावर एक ओळ होती : महारोहिणीचें मूळ, ३९ मिलिमीटर. शेजारीं छापील मर्यादा होती, २० ते ३७. आणि ३९ च्या खालीं कोणीं तरी जाड रेघ ओढलेली होती. कागद घरीं आला आणि घराचा नूरच पालटला. मंडळींनीं माझ्या ताटांतलें मीठ बंद केलें, सूनबाईंनीं मला जिना चढूं देण्याचें बंद केलें. तिसऱ्या दिवशीं डॉक्टरांकडे गेलों. त्यांनीं कागदाकडे फारसें पाहिलें नाहीं, माझ्याकडे पाहिलें. "मास्तर, वय किती? उंची किती?" मीं सांगितलें, वय ६६. उंची त्यांनीं भिंतीशीं उभें करून स्वतः मोजली, १७८ सेंटिमीटर. वजन भरलें ७६ किलो. त्यांनीं पाठकोऱ्या कागदावर एक छोटें गणित केलें आणि म्हणाले, "तुमच्या देहाला आणि वयाला ३६ शोभतें. ३९ थोडें वर आहे, पण घरांतच आहे. मीठ खा, बेतानें खा."

मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला मनुष्य, वैद्य नव्हे. परंतु इतिहास आणि अंकगणित हे दोन विषय मीं जन्मभर शिकविले, आणि तें पाठकोरें गणित या दोहोंच्या मधोमध बसणारें होतें. तें आलें कोठून, याचा मीं पाठपुरावा केला.

प्रथम या अवयवाची ओळख. हृदयाच्या डाव्या कप्प्यांतून रक्त ज्या मोठ्या नळींतून सर्व देहाकडे निघतें ती महारोहिणी. डॉक्टर तिला 'एऑर्टा' म्हणतात. ही नळी आरंभीं एकसारखी नसते. मुळाशीं ती कांद्यासारखी थोडी फुगीर असते, आंत तीन पाकळ्यांची झडप असते आणि प्रत्येक पाकळीमागें एक कोनाडा असतो. नळीच्या भिंतीला तीन थर असतात. मूळ फार ताणलें गेलें, कीं आंतला थर चिरतो, रक्त थरांच्यामध्यें शिरतें आणि पोळीचे पापुद्रे सुटावे तशी भिंत सुटत जाते. मग मनुष्याचें आयुष्य दिवसांनीं नव्हे, तासांनीं मोजावें लागतें. म्हणून हें मूळ किती रुंद झालें आहे, हें आधीं कळण्याला इतकें महत्त्व.

या मुळाचें बारकाईचें चित्र काढलें तें एका चित्रकारानें. लिओनार्दो दा विंचीनें इ. स. १५१३ च्या सुमारास बैलाचें हृदय चिरून हे कोनाडे पाहिले; कांचेचा सांचा करून त्यांतून पाणी सोडावें, पाण्यांत गवताचें बीं टाकावें आणि भोंवरे कसे फिरतात तें पाहावें, अशी युक्ति त्यानें लिहून ठेवली. त्याच्या वह्या मात्र शतकानुशतकें अप्रसिद्ध राहिल्या. कोनाड्यांना नांव मिळालें तें इटलींतल्याच वाल्साल्वा या शरीरशास्त्रज्ञाचें. तो इ. स. १७२३ मध्यें वारला. त्याचें लेखन त्याचा शिष्य मोर्गान्यी यानें इ. स. १७४० मध्यें प्रसिद्ध केलें. गुरूचें अपुरें राहिलेलें काम सतरा वर्षांनीं छापून काढणारा शिष्य मिळणें हें भाग्यच म्हटलें पाहिजे.

त्यानंतर वीस वर्षांनीं, २५ ऑक्टोबर १७६० रोजीं, इंग्लंडचा राजा दुसरा जॉर्ज सकाळीं शौचकूपांत गेला आणि तेथेंच कोसळला. राजवैद्य फ्रँक निकोल्स यानें देह उघडून पाहिला. हृदयाभोंवतालची पिशवी गोठलेल्या रक्तानें भरलेली होती आणि महारोहिणीच्या आंतल्या बाजूस सुमारें दीड इंच लांबीची आडवी चीर होती. पापुद्रे सुटण्याच्या रोगाचें हें अगदीं आरंभींचें स्पष्ट वर्णन समजलें जातें. चिरेची लांबी इतिहासांत राहिली. नळीची रुंदी राजाच्या देहाच्या मानानें किती होती, हा प्रश्न मात्र त्या काळीं कोणालाच सुचण्यासारखा नव्हता.

वास्तविक त्या प्रश्नाची किल्ली शंभर वर्षांपूर्वींच घडविली गेली होती. गॅलिलिओनें इ. स. १६३८ मधील आपल्या ग्रंथांत दाखवून दिलें, कीं एखादी वस्तु सर्व बाजूंनीं दुप्पट केली तर तिचा पृष्ठभाग चौपट होतो आणि घनफळ आठपट होतें. म्हणून प्रचंड प्राण्याचें हाड हें लहान प्राण्याच्या हाडाची नुसती वाढविलेली प्रतिकृति असूं शकत नाहीं. मुलांना मी हा नियम खडूच्या पेट्या एकमेकींवर रचून दाखवीत असें. एका पेटीच्या दुप्पट लांब, रुंद आणि उंच ठोकळा करावयाचा तर आठ पेट्या लागतात, हें पाहून दरवर्षीं एक तरी मुलगा हटकून म्हणे, "सर, चार पुरतील." उंची, पृष्ठभाग आणि वजन यांचा मेळ सरळ रेषेंत नसतो, आणि पुढचा सारा वाद या एका गोष्टीपासून निघालेला आहे.

आतां आपण इ. स. १९१६ मध्यें आणि न्यूयॉर्क शहरांत येऊं. डेलाफील्ड आणि यूजीन ड्यु बॉइस हे दोघे संशोधक माणसाच्या अंगांतून उष्णता किती बाहेर पडते याचा अभ्यास करीत होते. उष्णता कातड्यावाटे जाते, तेव्हां कातड्याचें क्षेत्रफळ काढणें भाग होतें. त्यांनीं काय करावें? माणसांच्या अंगावर कागदाच्या पट्ट्या चिकटवून देहाचा सांचा घेतला, तो कापून सपाट केला आणि त्याचें क्षेत्रफळ काढलें. असा सारा खटाटोप करून उंची आणि वजन यांवरून अंगाचें क्षेत्रफळ सांगणारें एक सूत्र त्यांनीं बसविलें. ज्यांच्या देहावरून तें बसविलें तीं माणसें होतीं अवघीं नऊ. नऊ माणसांच्या कागदी अंगरख्यांतून निघालेलें तें सूत्र आज शंभरांहून अधिक वर्षें जगभर चालत आहे. माझ्या डॉक्टरांच्या पाठकोऱ्या कागदावरही तेंच होतें. त्याप्रमाणें माझें क्षेत्रफळ १.९४ चौरस मीटर भरतें. ध्यानांत ठेवण्यासारखी गोष्ट ही, कीं तें सूत्र उष्णतेसाठीं जन्मलें होतें. महारोहिणीशीं त्याचा कांहींएक संबंध नव्हता. हाताशीं होतें म्हणून तें पुढें वापरलें गेलें. घरांतली कात्री जशी कापडाला, कागदाला आणि प्रसंगीं मिरच्यांच्या देंठांनाही चालते, तसा हा प्रकार आहे.

पण विभागण्याला आधीं आंकडा हवा, आणि जिवंत माणसाच्या महारोहिणीच्या मुळाचा आंकडा मिळणेंच अशक्य होतें. इ. स. १८९५ मध्यें क्ष-किरण सांपडले. तरी हें मूळ हृदयाच्याच छायेंत दडलेलें असल्यामुळें साध्या छायाचित्रांत तें वेगळें दिसत नाहीं. रोग मात्र वाट पाहत थांबला नाहीं. इ. स. १८९६ मध्यें पॅरिसचे बालवैद्य आंत्वान मार्फां यांनीं गाब्रिएल नांवाची पांच वर्षांची एक मुलगी आपल्या व्यवसायबंधूंपुढें दाखविली. तिचे हातपाय आणि बोटें कोळ्याच्या पायांसारखीं लांब आणि बारीक होतीं. मार्फांचें लक्ष हाडांवर होतें. हृदयाविषयीं त्यांनीं कांहीं म्हटलें नाहीं. लांब बोटांच्या अशा मुलांची महारोहिणी मुळाशीं फुगते, ही गोष्ट अमेरिकेंत इ. स. १९४३ मध्यें हेलन टॉसिग आणि त्यांचे सहकारी यांनीं नोंदविली, आणि इ. स. १९५५ मध्यें व्हिक्टर मॅकक्युसिक यांनीं अशा कुटुंबांचा पद्धतशीर अभ्यास मांडला. म्हणजे हाडांपासून हृदयापर्यंत यावयास जवळजवळ साठ वर्षें गेलीं. तोंपर्यंत मुळाची रुंदी कळे ती बहुधा मृत्यूनंतरच.

जिवंतपणीं ती दिसूं लागली एका जहाजाच्या कारखान्यामुळें. स्वीडनमध्यें लुंड येथें इंगे एडलर नांवाचे हृदयवैद्य होते. हेल्मुट हर्ट्झ या तरुण पदार्थविज्ञानशास्त्रज्ञाशीं त्यांची गांठ पडली. हर्ट्झचे वडील नोबेल पारितोषिक मिळविलेले गुस्ताव हर्ट्झ. माल्मो बंदरांतील जहाजांच्या कारखान्यांत पोलादाच्या सांध्यांतले दोष कानांना ऐकूं न येणाऱ्या ध्वनीनें शोधण्याचें एक यंत्र होतें. पोलादांतली फट प्रतिध्वनि देते, तर हृदयाची भिंत कां देणार नाहीं? त्या कारखान्यांत त्यांनीं तें यंत्र पारखून पाहिलें, आणि पुढें तसलेंच यंत्र मिळवून ऑक्टोबर १९५३ मध्यें जिवंत हृदयाच्या हालचालीची नोंद घेतली. आरंभीं यंत्र हृदयांतून जाणारी एकच रेघ दाखवी. ती रेघ मुळाच्या अगदीं रुंद भागांतूनच जाईल याची शाश्वती नसे. पुढें सबंध आडवा छेद पडद्यावर दिसूं लागला, तेव्हां कोनाड्यांच्या पातळीवर, जेथें मूळ सर्वांत रुंद असतें तेथें, पट्टी लावतां येऊं लागली.

आतां खरा प्रश्न उभा राहिला. माप मिळालें, पण निरोगी कोण आणि रोगी कोण? न्यूयॉर्कमध्यें मेरी रोमन, रिचर्ड डेव्हरो आणि त्यांचे सहकारी यांनीं १३५ निरोगी प्रौढ आणि ५२ मुलें यांचीं मापें घेऊन इ. स. १९८९ मध्यें आलेख प्रसिद्ध केले. अंगाचें क्षेत्रफळ आडव्या रेषेवर, मुळाची रुंदी उभ्या रेषेवर. आणि तीन निरनिराळे आलेख : अठरा वर्षांखालील, अठरा ते चाळीस, आणि चाळिशीनंतरचे. त्यांतील मुलांचें सूत्र सोपें आहे. क्षेत्रफळाला ०.९८ नें गुणावें आणि त्यांत १.०२ मिळवावे, येईल ती सेंटिमीटरमध्यें अपेक्षित रुंदी. ११५ सेंटिमीटर उंचीच्या आणि २० किलो वजनाच्या मुलाचें क्षेत्रफळ ०.८ चौरस मीटर. म्हणून त्याची रुंदी १८ मिलिमीटरच्या आसपास असावी. तीच जर २४ भरली, तर प्रौढांच्या छापील कोष्टकांत ती डोळ्यांत भरणार नाहीं. मुलाच्या आलेखावर मात्र ती मर्यादेच्या पार बाहेर पडते.

याच मंडळींनीं इ. स. २०१२ मध्यें पंधरा वर्षांवरील १२०७ निरोगी व्यक्तींवरून नवें सूत्र दिलें. त्यांत वय, क्षेत्रफळ आणि स्त्री-पुरुष-भेद हे तीनही आले. अपेक्षित रुंदी आणि प्रत्यक्ष रुंदी यांतील फरक नेहमींच्या चढउताराच्या किती पट आहे, हें सांगणारा आंकडा ते 'झेड' या अक्षरानें दाखवितात. झेड दोनच्या आंत असला तर सामान्य, दोनच्या वर गेला तर मूळ रुंद. आमच्या परीक्षांतून वर्गाच्या सरासरीपासून मुलगा किती दूर आहे हें पाहण्याची जी रीत, तीच ही.

एक उदाहरण करून पाहूं. दोन माणसें घ्या. एक तीस वर्षांची बाई, उंची १४५ सेंटिमीटर, वजन ४२ किलो. आपल्याकडे घरोघरीं दिसते तशी चण. दुसरा साठ वर्षांचा गृहस्थ, उंची १९० सेंटिमीटर, वजन ९० किलो. दोघांच्याही कागदावर एकच आंकडा आहे, ३६ मिलिमीटर. माझ्या कागदावरच्या छापील मर्यादेप्रमाणें दोघेंही निरोगी; कोणाच्याच आंकड्याखालीं रेघ येणार नाहीं. आतां सूत्र लावा. गृहस्थाला ३७ अपेक्षित आहेत. ३६ म्हणजे सरासरीहून किंचित् कमीच. बाईला अपेक्षित आहेत साडेसत्तावीस, आणि तिचा झेड भरतो तीनच्याही वर! ज्या दिवशीं माझ्या ३९ खालीं रेघ ओढली गेली, त्या दिवशीं तिच्या ३६ खालीं ओढली गेली नसती. माझ्या घरांत तीन दिवस उगाच घबराट झाली, एवढाच माझा तोटा. तिच्या घरांत मात्र कोणीच घाबरलें नसतें, आणि मला खरें भय वाटतें तें त्या घराचें.

याची उलट बाजूही आहे, आणि ती अधिक दुःखद आहे. फ्लो हायमन ही अमेरिकेची व्हॉलीबॉल खेळाडू. उंची सहा फूट पांच इंच. इ. स. १९८४ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्यें तिच्या संघानें रौप्यपदक मिळविलें. २४ जानेवारी १९८६ रोजीं जपानमध्यें मात्सुए येथें सामना चालू असतां ती नेहमींच्या बदलीसाठीं बाहेर येऊन बांकावर बसली आणि तेथेंच कोसळली. वय अवघें एकतीस. शवपरीक्षेंत महारोहिणी फाटल्याचें आढळलें; कारण मार्फांच्या नांवाचाच रोग. जन्मभर तिची उंची सर्वांना दिसत होती आणि सर्वांनीं तिला देणगी म्हणूनच पाहिलें. तिच्या मृत्यूनंतर तिच्या भावाची तपासणी झाली. त्यालाही तोच रोग निघाला आणि वेळीं झालेल्या शस्त्रक्रियेमुळें तो वांचला.

येथें भागाकाराचा मोह धोक्याचा ठरतो. उंच माणसाची महारोहिणी रुंद असायचीच, असें म्हणून सूत्र कोठवर ताणावें? अमेरिकेंतील धंदेवाईक बास्केटबॉल-संघांच्या ५२६ खेळाडूंचीं मापें इ. स. २०१६ मध्यें प्रसिद्ध झालीं. त्यांची सरासरी उंची दोन मीटर. देह वाढतो तशी रुंदी कांहीं अंतर वाढत जाते. पण फार मोठ्या देहांत ती वाढ मंदावते आणि रेषा जवळजवळ आडवी होते. एवढ्या धिप्पाड मंडळींत ४० मिलिमीटर किंवा त्याहून अधिक रुंदी शेंकडा पांचांनाही नव्हती, आणि सर्वांत मोठें माप ४२ होतें. म्हणजे 'तो उंचच आहे' ही सबब एका मर्यादेपुढें चालत नाहीं. गॅलिलिओ असता तर त्याला याचें नवल वाटलें नसतें.

वयाचें काय? आपल्या डोळ्यांना केस पिकलेले दिसतात; महारोहिणीचें वार्धक्य दिसत नाहीं. तिच्या भिंतींतील लवचिक तंतु बहुतांशीं बाळपणींच तयार होतात आणि पुढें त्यांची भरपाई जवळजवळ होत नाहीं. दिवसाला सुमारें एक लाख ठोके. प्रत्येक ठोक्याला ताण आणि पुन्हां सैल. वर्षानुवर्षें वापरलेल्या रबरी पट्ट्यासारखे ते तंतु तुटत जातात, भार ताठर तंतूंवर पडतो आणि नळी हळूहळू रुंदावते. मॅसॅच्युसेट्समधील फ्रॅमिंगहॅम या गांवीं इ. स. १९४८ पासून पिढ्यान्पिढ्या नागरिकांची तपासणी चालली आहे. तेथील इ. स. २०१० च्या अहवालाप्रमाणें दर दहा वर्षांच्या वयामागें मूळ पुरुषांत ०.८९ आणि स्त्रियांत ०.६८ मिलिमीटर अधिक रुंद आढळतें. म्हणजे तिशीपासून सत्तरीपर्यंत पुरुषाच्या वाट्याला साडेतीन मिलिमीटर वयाचेच येतात. माझ्या ३९ पैकीं तीन मिलिमीटरांचा धनी माझा रोग नव्हे, माझी जन्मतारीख आहे.

आतां वजनाचा वाद. ड्यु बॉइसांच्या सूत्रांत वजन आहे आणि वजन हा मोठा लबाड भाजक आहे. वर सांगितलेली बाई घ्या. ३६ मिलिमीटरांना तिच्या १.३ चौरस मीटर क्षेत्रफळानें भागलें तर भागाकार येतो २.८ सेंटिमीटर. समजा, पुढें तिचें वजन ४२ चें ७० किलो झालें. क्षेत्रफळ झालें १.६, आणि तोच भागाकार उतरला २.२ वर. महारोहिणी तसूभरही बदललेली नाहीं. बाई मात्र कागदावर बरी झाली! चरबी वाढल्यानें रोग बरा होतो असें सांगणारें गणित कोणत्या परीक्षकानें मान्य करावें? म्हणून कांहींनीं वजन सोडून उंचीच धरली. क्लीव्हलंडच्या स्वेन्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यानें इ. स. २००२ मध्यें मार्फां-रोग्यांसाठीं असा नियम सुचविला, कीं महारोहिणीच्या छेदाचें क्षेत्रफळ चौरस सेंटिमीटरमध्यें घ्यावें, त्याला मीटरमधील उंचीनें भागावें आणि उत्तर दहाच्या वर गेलें तर शस्त्रक्रियेचा विचार करावा. या नियमानें १४५ सेंटिमीटरच्या बाईची मर्यादा ४३ मिलिमीटरवर येते आणि १९० सेंटिमीटरच्या गृहस्थाची ४९ वर. येल विद्यापीठांतील एलेफ्टेरियाडिस यांच्या मंडळानें आधीं क्षेत्रफळाचाच पुरस्कार केला होता, इ. स. २०१८ मध्यें त्यांनींच लिहिलें, कीं मुळापुढच्या चढत्या महारोहिणीचा धोका अजमावण्यास नुसती उंची पुरते, वजनाची गरज नाहीं. आपलें जुनें मत स्वतःच्याच आंकड्यांनीं मागें घेणारीं माणसें विरळा. मला त्या लेखाबद्दल आदर वाटतो.

येथें कोणी विचारील, सगळेंच प्रमाणावर आहे तर ५५ मिलिमीटर झाले कीं शस्त्रक्रिया करावी, हा सरसकट नियम इतकीं वर्षें कां चालला? त्यालाही आधार आहे. नळीच्या भिंतीवरील ताण हा आंतला दाब, त्रिज्या आणि भिंतीची जाडी यांवर ठरतो. ही नळी उंच माणसाची आहे कीं ठेंगण्याची, हें भिंतीला ठाऊक नसतें. म्हणून मूळ आंकड्याचा मान अजिबात सोडतां येत नाहीं. पण त्या ५५ वर विसंबून राहण्यासारखेंही नाहीं. अनेक देशांतील रुग्णालयांनीं मिळून केलेल्या एका नोंदणींत, इ. स. २००७ च्या अहवालानुसार, चढती महारोहिणी फाटलेल्या ५९१ रोग्यांपैकीं शेंकडा ५९ जणांची रुंदी ५५ हून कमी होती. आणि फाटल्यावर नळी अधिकच फुगते, म्हणजे आधीं ती याहूनही कमी असली पाहिजे. अमेरिकेच्या इ. स. २०२२ च्या मार्गदर्शक नियमांत म्हणूनच ५५ च्या जोडीला, अनुभवी शस्त्रवैद्यांच्या हातीं ५० ची मर्यादा, आणि फार उंच किंवा फार ठेंगण्या माणसांसाठीं उंचीचे व क्षेत्रफळाचे भागाकार दिले आहेत. टर्नर यांच्या नांवानें ओळखला जाणारा एक जन्मजात विकार मुलींना होतो. त्यांत उंची खुंटते आणि महारोहिणी रुंदावण्याचें भय असतें. अशा मुलींना तर पंधरा वर्षांनंतर क्षेत्रफळाचा भागाकार पाहण्यावांचून गत्यंतरच नाहीं. तेथें २.५ च्या वर गेलेला भागाकार धोक्याचा धरतात, मग मूळ आंकडा कितीही गरीब दिसो.

मोजण्याच्या रीतींतही अजून एकमत नाहीं, हें ऐकून मला आश्चर्य वाटलें. मुलांच्या हृदयांत मूळ मोजतात तें हृदय आकुंचन पावलेलें असतांना, आंतल्या कडेपासून आंतल्या कडेपर्यंत. प्रौढांत तेंच मोजतात हृदय सैल असतांना, आणि एका बाजूची भिंत धरून. मुलगा अठरा वर्षांचा झाला, कीं त्याची महारोहिणी एका रात्रींत नव्या नियमाखालीं येते. शाळा बदलली कीं गुण देण्याची पद्धति बदलावी तसें. जुना कागद आणि नवा कागद शेजारीं ठेवून 'दोन मिलिमीटर वाढले' म्हणून हाय खाण्यापूर्वीं हें एकदां विचारून घ्यावें. आणि आलेख कोणाच्या देहांवरून काढला, हेंही विचारावें. वर सांगितलेलीं सूत्रें अमेरिकेंत घडलेलीं आहेत. अलीकडे भारतासह पंधरा देशांतील निरोगी माणसांचीं मापें एकत्र घेण्यांत आलीं आहेत, तेव्हां आपल्या चणीला आपला आलेख मिळण्याचा मार्ग मोकळा झाला आहे.

राहतां राहिली एक अडचण, ती माझ्याच घरची आहे. म्हातारपणीं मणक्यांमधल्या चकत्या दबतात, पाठ वांकते आणि उंची घटते. नोकरीला लागलों तेव्हां माझ्या सेवापुस्तकांत उंची १८० सेंटिमीटर लिहिली गेली; डॉक्टरांच्या भिंतीशीं ती भरली १७८. भाजक घटला म्हणजे भागाकार वाढला. महारोहिणीनें त्यांत कांहींच केलेलें नाहीं. यंदां पुन्हां तपासणीला गेलों तेव्हां सेवापुस्तकाचें तें पान बरोबर नेलें आणि खरी उंची कोणती धरावी, असें विचारलें. डॉक्टर थोडा वेळ दोन्ही आंकड्यांकडे पाहत राहिले. मग त्यांनीं शाईनें १७८ लिहिले आणि शेजारीं पेन्सिलीनें, कंसांत, १८० टिपून ठेवले.